कलाफेरी : कसब्यापासून मंडईपर्यंत

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



संध्याकाळी पायी हिंडण्याचे निमित्त पुणेकराला शोधून द्यावे लागत नाही. भाद्रपदातील ते दहा दिवस आठवावेत. आजोबा, सून, कडेवरचे मूल असे अख्खे कुटुंब रात्रीचे जेवण उरकून बाहेर पडते आणि एका मंडपातून दुसऱ्या मंडपाकडे मध्यरात्र उलटेपर्यंत चालत राहते. मूर्तीचे दर्शन तर असतेच, पण त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट चाललेली असते. कुठला महाल हुबेहूब उभा राहिला, कुठल्या मंडळाची कमान उजवी, कुठल्या देखाव्यातील चेहरे जिवंत वाटतात, यावर घराघरांत वाद रंगतात. तुळशीबाग मंडळाचे देखावे वर्षानुवर्षे साकारणारे शिल्पकार डी. एस. खटावकर यांचे नाव कधी कलादालनाची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक होते. कलेची पारख असलेला हा एवढा मोठा समाज ना तिकीट काढतो, ना स्वतःला रसिक म्हणवून घेतो.

जगातल्या अनेक शहरांनी अलीकडच्या काळात असाच एक प्रघात जाणीवपूर्वक पाडला. महिन्यातील एक संध्याकाळ ठरवायची. त्या दिवशी जुन्या पेठेतील कलादालनांनी आणि दुकानांनी आपली दारे उशिरापर्यंत उघडी ठेवायची आणि नागरिकांनी पायी फिरत त्यांचा आस्वाद घ्यायचा. अमेरिकेतील पोर्टलँड येथे पहिल्या गुरुवारी, तर फिलाडेल्फियात पहिल्या शुक्रवारी अशी फेरी निघू लागली. आपल्याकडे मुंबईत कुलाबा-फोर्ट परिसरातील कलादालनांनी २०१०च्या दशकात दुसऱ्या गुरुवारची संध्याकाळ यासाठी राखून ठेवली. पुण्यात जनवाणी या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने शनिवारवाड्यापासून विश्रामबागवाड्यापर्यंतची वारसा-फेरी सुरू केली, तिनेही अनेकांना आपलेच शहर नव्याने दाखवले. तेव्हा प्रश्न असा की, पुण्याने दरमहा एका संध्याकाळी कलाफेरी काढायची ठरवली, तर ती कोणत्या रस्त्याने जावी?

आळ्यांची नावे

हा मार्ग नव्याने आखण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके पुणेकरांच्या सेवेत आली. पहिल्या स्थानकावर उतरावे आणि दुसऱ्या स्थानकावर गाडीत बसावे. या दोहोंच्या मध्ये जे आहे, तीच पुण्याची खरी कलावीथी होय. कसब्यातील आळ्यांची नावे नुसती वाचली तरी एका नगराची संपूर्ण गृहव्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. पाणी भरायला घागर, धान्य पाखडायला सूप, अंगावर कपडा, चुलीवर मडके आणि जमाखर्च लिहायला कागद. पुढे बुधवारात आले की भाऊसाहेब रंगारी यांचे नाव भेटते. १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या या वैद्यांच्या घराला ‘रंगारी’ हे नाव मिळाले ते कापड रंगवण्याच्या व्यवसायावरून.

याच वाटेवर भिडेवाड्याची जागा लागते. महात्मा फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा जेथे सुरू केली, तो हा वाडा. तो जीर्ण होत गेला, न्यायालयीन वाद लांबत गेला आणि अखेर स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. स्मारक होणे योग्यच आहे. परंतु ज्या भिंतींनी त्या मुलींचे आवाज ऐकले, त्या भिंती आता दिसणार नाहीत. वास्तू असो वा विद्या, उपेक्षेचा काळ एका मर्यादेपलीकडे लांबला की सांभाळण्यासारखे काही उरत नाही. केवळ आठवण ठेवता येते. कसब्यातील कारागिरी आज या मर्यादेच्या अलीकडे आहे, म्हणून हा विषय तातडीचा आहे.

तांबट आळीचा ताल

तांबट आळी डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते. हातोड्याचे ठोके एका लयीत पडत असतात. हे ठोके शोभेसाठी नसतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. तांब्याचा पत्रा ठोकून आकाराला आणताना तो ताठर होत जातो. आणखी ठोकला तर चिरेल, म्हणून तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. असे तापवणे आणि ठोकणे आलटून पालटून चालते. भांडे पुरते घडले, चिंचेने किंवा आम्लाने स्वच्छ झाले, की शेवटी त्यावर मठारकाम होते. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे शेजारी शेजारी, सारख्या अंतराने, सारख्या जोराने पडलेले असंख्य ठोके. त्यामुळे पातळ पत्र्यालाही कणखरपणा येतो आणि पृष्ठभागावर नाण्यासारख्या चकाकणाऱ्या खुणांची नक्षी उमटते. म्हणजे मजबुती आणि सौंदर्य हे येथे एकाच ठोक्यातून जन्माला येतात. चुकलेला एक ठोका सबंध ओळ बिघडवतो, तरीही कारागीर मोजपट्टी लावत नाही. हात आणि कान हीच त्याची मापे.

याच आळीतून एकेकाळी घरोघरचे बंब गेले. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि बाजूला तोटी. कमी जळणात अधिक पाणी तापवणारे असे हे घरगुती यंत्र होते. गॅस आणि विजेची उपकरणे आली, बंब माळ्यावर गेला. स्टेनलेस स्टील आले, त्याला कल्हई नको, घासायला चिंच नको. हंडा गेला, घागर गेली, कळशी गेली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. गृहिणीचे श्रम वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या श्रमांबरोबर शेकडो घरांचे काम गेले आणि काम गेले की विद्या जाते. कारण ही विद्या पुस्तकात नाही. बापाच्या हाताकडे पाहत मुलाने ती उचलायची असते. मुलगा दुसरीकडे नोकरीला लागला की साखळी तुटली, आणि तुटलेली साखळी पुढच्या पिढीत आपोआप सांधली जात नाही.

कल्हईचेही तेच. नवसागराचा धूर, तापलेल्या भांड्यात कथिलाचा तुकडा फिरवताच कापसाच्या बोळ्याखाली पसरणारी चंदेरी लकाकी, हे दृश्य आज पन्नाशी ओलांडलेल्यांच्या स्मरणात आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, आंबट पदार्थ बिघडतो. त्यावर कथिलाचा पातळ थर हा अत्यंत शहाणा उपाय होता. भांडे टाकून न देता पुन्हा पुन्हा नवे करण्याची ती रीत होती.

तांबटाचा चित्रकार मुलगा

कारागीर वेगळा आणि कलावंत वेगळा, ही विभागणी अलीकडची आहे. सवाई माधवरावांच्या काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ साली पुण्यात आला. त्याने पेशव्यांचे, नाना फडणवीसांचे, महादजी शिंद्यांचे चित्रण केले. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने पुण्यात स्थानिक तरुणांना रेखाटन शिकवले जाऊ लागले. त्या तरुणांत सर्वांत तेजस्वी ठरला तो गंगाराम तांबट. नावातच त्याचे कुळ आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा त्याने चितारला, वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जपली जातात. ज्या शहरात तो वाढला, तेथील किती शाळकरी मुलांना गंगारामचे नाव सांगितले जाते?

पुढे १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. शिळाप्रेसवर छापलेली देवदेवतांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे तिने सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोहोचवली. राजा रविवर्मा यांचा सुप्रसिद्ध छापखाना १८९४ सालचा, त्याच्याही सोळा वर्षे आधीचा हा उद्योग. निबंधमालाकाराला लेखणीइतकेच चित्रही आवश्यक वाटले, हे विसरता कामा नये.

केळकरांची पायपीट

पुण्याच्या कलाफेरीचा आद्य प्रवासी कोण, असे विचारले तर उत्तर एकच : दिनकर गंगाधर केळकर. व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा, कविता ‘अज्ञातवासी’ या नावाने, आणि छंद जुन्या वस्तूंचा. जुने वाडे, जुने बाजार, मोडीत निघालेली भांडी यांच्या मागे ते आयुष्यभर हिंडले. पत्नी कमलाबाईंनी या वेडाला साथ दिली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभे राहिलेले हे संग्रहालय त्यांनी १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांच्या घरातील या संग्रहात रत्नजडित सिंहासने शोधू नयेत. तेथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, कुलपे आहेत, दौती आहेत, स्वयंपाकघरातील उपकरणे आहेत. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा हातांचा हा गौरव आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. केळकरांनी जे जमवले, ते लोकांनी घराबाहेर काढलेले होते. आजीच्या लग्नातल्या पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले मामाचे नाव आणि तारीख असते. ते पातेले स्टीलच्या नव्या डब्यांसाठी मोडीत दिले जाते. मोडीत धातूचा भाव मिळतो. कोरलेल्या नावाचा आणि मठारलेल्या ठोक्यांचा मिळत नाही. काट्यावर फक्त वजन चढते.

फेरीतला धोका

म्हणूनच कलाफेरीबद्दल एक सावधगिरीचा शब्द सांगणे आवश्यक आहे. अशा फेऱ्या सहज तमाशा होऊ शकतात. पन्नास माणसे आळीत शिरतात, भट्टीपुढे उभे राहून छायाचित्रे घेतात, ‘किती छान’ म्हणतात आणि पुढे जाऊन बाकरवडी घेतात. कारागिराचे तासभराचे काम मात्र खोळंबते. त्याला कौतुकाचा तिटकारा नसतो, पण कौतुकावर भट्टी पेटत नाही. त्याला हवी असते मागणी, आणि तीही दरमहा, नियमित. आजूबाजूला राहायला आलेल्यांना हातोड्याचा आवाज नकोसा होतो, तेव्हा तोच कारागीर अपराध्यासारखा उभा राहतो, याचाही विचार फेरीकऱ्यांनी करावा.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. आळीतले काम दिवसाचे, संग्रहालयाची दारे संध्याकाळी लवकर मिटणारी, आणि नोकरदार कुटुंबे मोकळी होतात दिवेलागणीला. या तिघांची गाठ पडायची तर कोणाला तरी दोन तास पुढे-मागे व्हावे लागेल. महिन्यातून एक दिवस संग्रहालयाने उशिरापर्यंत दारे उघडी ठेवली, कारागिरांच्या खोळंब्याचा मोबदला आयोजकांनी आधीच ठरवला, आणि लोकांनी थोडे लवकर निघायचे मनावर घेतले, तर हे अशक्य नाही. इंटॅकच्या पुणे शाखेने तांबट कारागिरांबरोबर नव्या वापराच्या वस्तू घडवण्याचा प्रयोग केलाच आहे. जुना हात नव्या घराला उपयोगी पडू शकतो, हे त्यातून दिसले.

प्रत्येक घराने काय करावे

फेरी तांबट आळीतून निघावी, विश्रामबागवाड्याच्या नक्षीदार लाकडी दर्शनी भागासमोर क्षणभर थांबावी. तो १८०७चा, सुरूच्या झाडासारख्या खांबांचा वाडा सुताराच्या पटाशीची साक्ष देतो. मग तुळशीबागेत यावे. नारो अप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराभोवतीच्या या बाजारात पितळेची भातुकली मिळते. बोटाएवढा बंब, चिमुकला हंडा, इवलीशी परात. कसब्यात जे मोठे पाहिले, तेच येथे मुलीच्या तळहातावर मावते. तिने विचारावे, ‘आई, हे काय?’ आणि आईला ते सांगता यावे. १८८६ साली बांधलेल्या मंडईशी फेरी संपवावी.

या फेरीतून प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षातून एक तरी वस्तू थेट कारागिराकडून घ्यावी आणि वजनाच्या भावाबरोबर मजुरीही विनातक्रार द्यावी. कापडाच्या दुकानात छापील किमतीला मान डोलावणाऱ्याने हातोड्याशी घासाघीस करू नये. दुसरी, माळ्यावरचे एक जुने भांडे खाली काढावे, कल्हई करून पुन्हा वापरात आणावे. मोडीत द्यायचेच ठरले, तर त्यावरील नाव आणि तारीख निदान वहीत उतरवून ठेवावी. तिसरी, मुलांना बरोबर न्यावे आणि घडवणाऱ्याचे नाव विचारायला लावावे. गंगारामचे नाव टिकले ते त्याच्या चित्रांवर कोणीतरी ते नोंदवले म्हणून. आळीतील बाकीची नावे कोणी नोंदवली नाहीत.

गणपतीच्या दहा दिवसांत पुणेकर मैलोन्मैल चालतो, त्याला थकवा जाणवत नाही. वर्षातल्या उरलेल्या महिन्यांत प्रत्येकी एक संध्याकाळ त्याने कसब्याला द्यावी, एवढेच मागणे आहे. आळीतला ठोका अजून ऐकू येतो आहे. तो ऐकायला जाण्याचे दिवस हेच आहेत.