कपाशीच्या बोंडातली उत्क्रांती

उत्क्रांती म्हटले की आपल्याला माकड, डायनोसॉर आणि लाखो वर्षांचा काळ आठवतो. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात हा विषय निघाला, की मी मुलांना आधी विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या शेतात नेतो. तिथे अवघ्या पंधरा वर्षांत उत्क्रांती घडली आणि तिची किंमत शेतकऱ्याने मोजली.

२००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक या कपाशीत घातलेले असते. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते. अळीने बोंड पोखरले की हे प्रथिन तिच्या आतड्याला चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. सुरुवातीला बोंडअळ्या खरोखरच आटोक्यात आल्या. २००६ मध्ये दोन जनुके असलेले बियाणे आले. पण २०१० साली गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. पुढे ती दुसऱ्यालाही जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात तिने हाहाकार उडवला.

‘अळीला विषाची सवय झाली’, असे आपण सहज म्हणतो. विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत हेच लिहितात. पण एकेकट्या अळीला अशी सवय होत नाही. विष लागू पडले की ती मरते, तिचा प्रश्न तिथेच संपतो. मात्र कोट्यवधी अळ्यांमध्ये मोजक्या काही अशा निघतात, की ज्यांच्या आतड्याच्या घडणीत जन्मतःच थोडा फरक असतो आणि हे प्रथिन तिथे नीट चिकटत नाही. बीटी येण्यापूर्वी या फरकाचा त्यांना काही उपयोग नव्हता. बीटीने बाकीच्या अळ्या मारल्या, या उरल्या आणि त्यांच्या पिल्लांना तोच वारसा मिळाला. वेगळेपण, वारसा आणि निवड. डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात मांडलेला विचार या तीन पायांवर उभा आहे.

मग अमेरिकन बोंडअळीने, म्हणजे हिरव्या अळीने, एवढा त्रास का दिला नाही? याचे उत्तर परिसरविज्ञानात सापडते. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. तिथे बीटीचे प्रथिन नसते, त्यामुळे साध्या अळ्याही तिथे वाढतात. गुलाबी बोंडअळीचे घर मात्र जवळजवळ एकटी कपाशी. सारे शिवार बीटीचे झाल्यावर साध्या गुलाबी अळीला जगायला जागाच उरली नाही.

हे ओळखूनच बीटीच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी दिली जात असे. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील. प्रतिकाराचा गुण बहुधा आई आणि बाप या दोघांकडून आला तरच प्रभावी ठरतो. बीटीतून वाचलेल्या पतंगाची जोडी कडेच्या साध्या पतंगाशी जमली, तर त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. पण कित्येक शेतकऱ्यांनी ती पुडी पेरलीच नाही. त्यांना दोष कसा द्यावा? चार एकर कोरडवाहू जमिनीत अळीसाठी मुद्दाम ओळी सोडा, हे कारण न समजावता कोणाच्या गळी उतरेल? त्यात पाणी मिळाले की फरदड घेण्याची आपली रीत. कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी राहिली, की अळीची पंगत उठतच नाही.

अमेरिकेत बीटी कपाशी १९९६ साली आली. ॲरिझोनातील शेतकऱ्यांनी कडेच्या ओळी पाळल्या, हंगाम संपताच पऱ्हाटी नष्ट केली आणि २००६ पासून तिथे विमानांतून वांझ पतंग सोडण्यात आले. २०१८ साली अमेरिकी सरकारने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथली शेती मोठी, सरकारी पाठबळही मोठे, हे खरे. पण अळीही हीच होती आणि निसर्गाचा नियमही हाच.

माझ्या वर्गातली बरीच मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत. त्यांना मी सांगतो, परीक्षेत व्याख्या लिहा, पण सुट्टीत घरी गेलात की वडिलांशी एवढे जरूर बोला. डिसेंबरअखेर कपाशी काढा, फरदड नको, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. तिच्यात आणि राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी झोपून राहते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. पावसाळ्यात कामगंध सापळे लावा आणि त्यांत किती पतंग आले, ते रोज मोजा. नवे बियाणे येईल, नवे औषधही येईल. पण एकाच हत्यारावर सारी भिस्त ठेवली, तर त्यातून निसटणाऱ्यांची निवड पुन्हा आपणच करत असू.