पाहुणा कोण, गिऱ्हाईक कोण?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या महिन्यात आपल्या एका गटातल्या काकूंनी गडावर आलेल्या अठ्ठावीस मुलामुलींना जेवू घातलं. पिठलं, भाकरी, ठेचा. गाडीवाल्याने भाडं घेतलं, वाट दाखवणाऱ्या पोराने त्याचे पैसे घेतले. मी विचारलं, "काकू, तुम्हाला किती मिळाले?" त्या म्हणाल्या, "अगं, भाकरीचे कुठे कोणी पैसे घेतं का?" घरातलं पाच किलो पीठ मात्र संपलं होतं.

मला त्यांना चूक म्हणवेना, आणि बरोबरही म्हणवेना. म्हणून आज एका लांबच्या डोंगराची गोष्ट सांगते. मी तिथे गेलेले नाही, वाचून आणि फिल्म बघून मला हे कळलं. पण ऐकताना तुम्हाला ती माणसं आपली वाटतील.

इजिप्त देशात सिनाई नावाचं वाळवंट आहे. वाळवंट म्हटलं की आपल्याला नुसती वाळू दिसते, पण इथे उघडेबोडके, लालसर दगडाचे उंच डोंगर आहेत. त्यातला एक जबल मूसा, म्हणजे मूसांचा डोंगर. उंची 2,285 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, त्याच्याही वर. देवाने मूसांना दहा आज्ञा इथेच दिल्या असं मानतात. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिघांनाही मूसा पूज्य. माथ्यावर एक छोटं चर्च आणि एक छोटी मशीद जवळजवळ उभी आहेत. पायथ्याला सेंट कॅथरीनचा मठ आहे, सहाव्या शतकात बांधलेला.

लोक मध्यरात्रीनंतर चढायला लागतात, सूर्योदय माथ्यावरून बघायला. एक उंटाची वाट आहे आणि एक दगडी पायऱ्यांची. पायऱ्या सुमारे 3,750. हिवाळ्यात थंडी एवढी की बर्फ पडतं. वाटेत दगडाच्या टपऱ्या आहेत. तिथे गरम चहा विकत मिळतो, पांघरायला ब्लँकेट भाड्याने मिळतं. या टपऱ्या तिथल्या बदाऊनी लोकांच्या. मठाच्या आसपास राहणाऱ्या त्यांच्या जमातीचं नाव जबालिया, म्हणजे डोंगरातली माणसं. डोंगर चढायचा तर स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा लागतो, आणि त्याला त्याची मजुरी द्यावी लागते.

आता दुसरी बाजू बघा. हीच माणसं पाहुणचारासाठी नावाजलेली आहेत. दारात आलेल्याला आधी चहा, रानातली सुगंधी पाने घालून. मग भाकरी. एक निखाऱ्यांत भाजलेली जाड, आपल्या पानग्यासारखी. दुसरी उपड्या तव्यावरची पातळ, खानदेशात खापरावर मांडे करतात ना, तशी. अनोळखी पाहुण्यालाही तीन दिवस ठेवून घ्यायची त्यांची जुनी रीत. वाळवंटात पाणी नाही, सावली नाही. आज मी तुला नाही म्हटलं, तर उद्या मला कोण हो म्हणेल? त्या रीतीमागे हा हिशेब आहे.

म्हणजे बघा, घरात आलेला तो पाहुणा, त्याच्याकडून पैसे नाहीत. टपरीवर थांबलेला आणि वाटाड्या मागणारा तो गिऱ्हाईक, त्याला दर सांगायचा. पैसे घेतले म्हणून माणुसकी संपली, असं त्यांना वाटत नाही.

पण हे वाटाडे कोण होते? सगळे पुरुष. बाया तर शेळ्यामेंढ्या घेऊन त्याच डोंगरात फिरणाऱ्या. पाणी कुठे, कुठली वनस्पती कशावर औषध, त्यांना तोंडपाठ. तरी वाट दाखवून कमावणं त्यांना मोकळं नव्हतं. 2019 मध्ये हमादा नावाच्या एका लहान जमातीतल्या बायांनी पहिल्यांदा हे काम सुरू केलं. घरच्यांना, वडीलधाऱ्यांना समजावण्यात खूप काळ गेला. अटीही होत्या: फक्त बायांनाच न्यायचं आणि सूर्य मावळायच्या आत गावात परत यायचं. त्यांनी अटी मान्य केल्या आणि निघाल्या. आधी पाऊल टाकलं, बाकीचं पुढे बघू म्हणाल्या असतील.

मला इथे आपल्या काकू आठवल्या. गडाची वाट, झऱ्याचं पाणी, रानभाज्या, सगळं त्यांना माहीत. पण आपण त्याला काम म्हणतच नाही. मी समाजकार्याची पदवी घेतली, आणि माझ्या घरी आईने किती वर्षं किती पाहुण्यांचं केलं, हे मीही कधी मोजलं नाही.

काकूंनी दारातल्या तहानलेल्याला पाणी द्यावंच, पैसे घेऊ नयेत. पण अठ्ठावीस जण आधी फोन करून, जेवण सांगून येतात, तेव्हा ते गिऱ्हाईक असतात. त्यांचा दर आधीच सांगायचा. पीठ, तेल, सरपण आणि आपली मजुरी, चारही धरून. मजुरी विसरायची नाही.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने एक कागद आणा. डाव्या बाजूला "पाहुणा" लिहा, उजव्या बाजूला "गिऱ्हाईक". गेल्या वर्षभरात तुमच्या चुलीवर जेवलेली माणसं आठवून त्या दोन रकान्यांत लिहा. काकू, तुमचा कागद आपण दोघी मिळून करू. मी रविवारी घरी येते.

चहा मात्र फुकट पाजा. मी पाहुणी आहे.