दोष कुणाचा आणि दोष कुठे



जूनमध्ये दोन-चार दमदार पाऊस झाले की गवताला आवरणं कठीण होतं. सोसायटीची बाग, शाळा-कॉलेजची मैदानं, लग्नाची लॉन्स, सगळीकडे पंधरवड्यात घोट्याएवढं गवत गुडघ्याला लागतं. मग शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून ठेवलेलं गवत कापायचं यंत्र बाहेर निघतं. टाकीत मागच्या हंगामातलं पेट्रोल असतंच. माळी दोरी ओढतो. इंजिन 'फुर्र' करतं आणि गप्प बसतं. दहा वेळा, वीस वेळा ओढून त्याचा खांदा भरून येतो. तोवर आसपास चार माणसं जमलेली असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय केलंस रे याला?"

म्हणजे दोष कुणाचा याची चौकशी आधी सुरू होते आणि दोष कुठे आहे हे पाहायचं राहून जातं. बंद पडलेल्या अशा यंत्राला बहुतेक वेळा कुणी काहीही केलेलं नसतं. त्याचं दुखणं 'कुणी काही केलं नाही' याच सदरातलं असतं. आज आपण ते दुखणं ओळखायचं कसं, एवढंच पाहणार आहोत. हे ज्याला कळतं, त्याच्या खिशातले चार पैसे वाचतात आणि कधीकधी हाताची बोटंही वाचतात.

बोटांपासूनच सुरुवात करू. मागून ढकलत न्यायच्या यंत्रात खालचं पातं थेट इंजिनाच्या दांड्याला बसवलेलं असतं. मध्ये क्लच नसतो. त्यामुळे दोरी ओढली की पातं फिरतं आणि पातं हातानं फिरवलं की इंजिन फिरतं. अडकलेलं गवत काढताना पातं फिरलं आणि इंजिनानं नेमकी त्याच वेळी पेट घेतली, तर पुढचं सांगायला नको. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लगवरची रबरी टोपी उपसून बाजूला करायची. ठिणगीची वाट तुटली की इंजिन चालू होऊच शकत नाही. दुसरं, हे काम उघड्यावर करायचं. बंद शेडमध्ये इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो जीव घेऊ शकतो. तिसरं, जवळ विडी-काडी नको.

आता इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचं नीट जमलेलं मिश्रण, ते मिश्रण सिलिंडरमध्ये घट्ट दाबलं जाणं आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. मिश्रणाचं प्रमाण वजनानं साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असं असतं. इंजिन सुरू होत नाही म्हणजे या तिघांपैकी एक जण गैरहजर आहे. आपलं काम हजेरी घेण्याचं.

पण हजेरीआधी साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. पेट्रोलचा कॉक उघडला आहे का? थंड इंजिनाला चोक दिला आहे का? दांडीला असलेला सुरक्षेचा लिव्हर दाबून धरला आहे का? पुष्कळ यंत्रांत तो सोडला की ठिणगीच बंद होते. ऑइलची पातळी बरोबर आहे का? काही इंजिनं ऑइल कमी असलं तर चालू व्हायला नकार देतात, आणि तो त्यांचा शहाणपणा असतो.

एवढं करूनही इंजिन बोलत नसेल, तर सातआठ वेळा दोरी ओढून प्लग खोलायचा आणि त्याचं तोंड पाहायचं. डॉक्टर जीभ दाखवायला सांगतात ना, तसंच. प्लग कोरडा आहे की ओला, यावर पुढची सगळी दिशा ठरते.

प्लग पेट्रोलनं ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. चोक फार वेळ राहिला किंवा एअर फिल्टर धुळीनं नि गवताच्या भुशानं कोंदला, तर हवा कमी पडते आणि इंजिन पेट्रोलनं बुडतं. अशा वेळी चोक बंद करावा, प्लग पुसून वाळवावा, पंधरा मिनिटं थांबावं आणि मग प्रयत्न करावा. आपली अडचण अशी, की थांबणं आपल्याला जमत नाही. आपण आणखी जोरानं ओढतो आणि आणखी बुडवतो.

ओला प्लग वाळवूनही काही झालं नाही, तर ठिणगी तपासायची. प्लग टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. प्लग रबरी मुठीच्या पकडीनं धरायचा आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगायचं. निळसर, कडक ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळट, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर प्लगवरचा काळा थर साफ करून दोन टोकांमधली फट पाहावी. ती साधारण पाऊण मिलिमीटर असते. तेवढ्यानं भागलं नाही तर नवा प्लग लावून पाहावा. तरीही ठिणगी नाही? मग बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी बारीक वायर तपासा. शेडमधले उंदीर ती कुरतडतात. उघडी तार धातूला टेकली की इंजिनाला 'बंद हो' असा सतत हुकूम मिळत राहतो. वायर धड असेल तर कॉइलची शंका घ्यावी आणि ते काम मेकॅनिकवर सोडावं.

आता दुसरी वाट. प्लग ठणठणीत कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. इथे खरा गुन्हेगार बहुधा जुनं पेट्रोल असतं. पेट्रोल टिकाऊ माल नाही. त्यातले हलके, लवकर पेटणारे अंश उडून जातात आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर राहतो. कार्बोरेटरमधल्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजायला कितीसा वेळ लागणार? त्यात 2025 पासून आपल्याकडे पंपांवर सर्वसाधारणपणे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते. रोज धावणाऱ्या गाडीत पेट्रोल राहून जायला वेळच मिळत नाही. सहा महिने झोपलेल्या यंत्रात मात्र तो मिळतो.

तेव्हा टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पाहावा. तिथून धार आली नाही, तर कॉक, जाळी किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक चोंदलं आहे. झाकण सैल करताच धार सुरू झाली, तर दोष झाकणाचाच! धार चांगली येते आणि प्लग मात्र कोरडा, तर जेट बुजला आहे. तो खोलून कार्बोरेटर क्लीनरनं फवारावा. पोलादी तार खुपसू नये; भोक मोठं झालं की मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं.

तिसरी हजेरी दाबाची. दोरी ओढताना नेहमीचा ताण जाणवत नसेल, हात अलगद मागे येत असेल, तर व्हॉल्व किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या असाव्यात. हे घरचं काम नव्हे. आणखी एक खूण लक्षात ठेवा. पातं दगडावर किंवा मुळावर आपटून इंजिन बंद पडलं आणि मग सुरूच होत नाही, किंवा दोरी हाताला उलटा हिसका देते, तर फ्लायव्हीलची छोटी चावी कापली गेली असेल. ठिणगी पडते, पण वेळ चुकते. ही चावी फार महाग नसते. तिच्यापायी अख्खं इंजिन भंगारात घालू नका.

इथे एका जुन्या सवयीबद्दल सांगायला हवं. एकेकाळी आपल्या घरोघरी स्कूटर होती आणि ती सुरू झाली नाही की तिरकी करून मग किक मारायची, हे शास्त्र प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या टू-स्ट्रोक इंजिनांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असे, त्यामुळे ते खपून जाई. हिरवळीवरची आजची बहुतेक यंत्रं फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या पोटात ऑइल वेगळं साठवलेलं असतं. ती भलत्या बाजूला कलंडली तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, आणि धडधाकट यंत्र आजारी पडतं. साफसफाईसाठी तिरकं करायचंच असेल, तर एअर फिल्टरची बाजू वर राहील असं करावं.

शेवटी, हे सगळं टाळण्याचा उपाय अगदी सोपा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपतं. एअर फिल्टर झटकायचा, पात्याखालचं चिकटलेलं गवत खरवडायचं, आणि पेट्रोलच्या डब्यावर खरेदीची तारीख लिहायची.

आणि हे काम ज्याच्या हातात यंत्र आहे, त्यालाच शिकवा. प्लगचा पाना, एक जादा प्लग आणि एक ब्रश, एवढं सामान माळ्याच्या स्वाधीन करा. पुष्कळ ठिकाणी यंत्र त्याच्या हातात असतं, पण पाना सेक्रेटरीच्या कपाटात कुलूपबंद. मग बिघाडाचा जाब मात्र त्याला विचारायचा, हा कुठला न्याय? ज्याला दुरुस्तीचा अधिकार नाही, त्याच्याकडून निगा राखण्याची अपेक्षा तरी कशी करायची? पाना हाती आला की तो आवाजावरून दुखणं ओळखायला लागेल, आणि यंत्राची काळजी घ्या म्हणून पाटी लावायची वेळ येणार नाही.