बांधामागचें पाणी कोणाचें?
(दुष्काळ साहाय्य समितीच्या देणगीदारांच्या सभेंत झालेलें भाषण)



समितीचा जमाखर्च आपणांपुढें मांडला गेला आहे. त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. माझ्या पेशास अनुसरून एकच प्रश्न विचारण्याची अनुज्ञा मागतों. आपल्या पैशानें घातलेल्या बांधामागें जें पाणी मुरतें, तें कोणाचें?

पुरंदर तालुक्यांतील नायगांवानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे. १९७२ सालच्या दुष्काळांत पुण्याचे कारखानदार कै. विलासराव साळुंखे यांनीं त्या भागांत दुष्काळी कामांवर खडी फोडणारीं माणसें पाहिलीं. मजुरीनें त्या दिवसाचें पोट भरे. पुढील अवर्षणाची तरतूद होत नसे. तेव्हां साळुंखे यांनीं नायगांवीं देवस्थानाची सुमारें ४० एकर उजाड जमीन पट्ट्यानें घेतली, उतारावर बांध घातले, पाझर तलाव केला, खालीं विहीर खोदली, आणि पाणी अडविल्यास माळहि पिकतो हें दाखविलें.

इतकें पैशानें साधतें. खरी कसोटी वांटणीची होती. ‘पाणी पंचायत’ या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या या चळवळीनें नियम केले ते असे: पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणांत द्यावें, माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर भिजावें, भूमिहीनासहि हिस्सा असावा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊं नये, ऊंस लावूं नये, आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभार्थ्यांनीं स्वतः सोसावा.

कायद्याची दृष्टि निराळी होती. १८८२ सालच्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें जमीनधन्यास आपल्या हद्दींतील भूगर्भांतलें पाणी काढून घेण्याचा हक्क मान्य केला. पुढील कायद्यांनीं त्यावर निर्बंध घातले, तरी ‘माझी विहीर, माझें पाणी’ ही समजूत आपल्या मनांतून गेलेली नाहीं. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें मजुरास कामाचा हक्क दिला. त्या कामानें भरलेल्या विहिरींत वांटा दिला नाहीं.

हें मी त्रयस्थ म्हणून बोलत नाहीं. माझ्या मळ्याच्या वरच्या अंगास समितीनें बांध घातला. गेल्या उन्हाळ्यांत माझी विहीर आटली नाहीं. ज्यांनीं त्या बांधाची माती वाहिली, त्यांच्या वस्तीवर मात्र टँकरची वाट पाहणें चालू होतें. मीं कोणताहि कायदा मोडला नव्हता, तरीहि त्या वस्तीवरून जातांना माझी मान वर होत नसे.

म्हणून त्या विहिरीचें पाणी माणशीं हिशेबानें त्या वस्तीस देण्याचा लेखी करार मीं केला असून, तो आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहें.

व्यापारी बंधूंपाशीं माझी विनंती द्रव्याची आहे. त्यांनीं सढळ हातानें द्यावें, आणि देतांना ज्या गांवीं पाण्याच्या वांटणीचा ठराव आधीं झाला असेल, त्या गांवास अग्रक्रम देण्याची अट घालावी. जमीनदार बंधूंपाशीं मागणें अधिक कठीण आहे, हें मी स्वानुभवानें जाणतों. धान्याचें पोतें देणें सोपें. विहिरीवरची सत्ता सोडणें जड जातें. परंतु तसें न होईल, तर आपण घातलेला प्रत्येक बांध थोड्यांचेच मळे भिजवील, आणि पुढच्या दुष्काळांत याच समितीस याच दारीं पुन्हां यावें लागेल.

कराराचा कोरा नमुना चिटणीसांपाशीं ठेविला आहे. सभा संपल्यावर तो अवश्य पाहावा, इतकी प्रार्थना करून आपली रजा घेतों.