पगारी गायक

रिच मुलिन्स, जन्म १९५५, इंडियाना. १९८८ च्या ‘ऑसम गॉड’ने हा ख्रिस्ती गायक अमेरिकेत चर्चचर्चमध्ये पोचला. पैसा आला, किती, हे त्याने विचारलंच नाही! कमाई परस्पर हिशेबनिसाकडे जायची. सामान्य अमेरिकन नोकरदाराच्या पगाराएवढी रक्कम त्याच्या हाती, बाकी दानधर्माला. मंचावर स्वारी बहुधा अनवाणी. समोर हॅमर्ड डल्सिमर, म्हणजे आपल्या संतूरचं भावंडच, दोन हलक्या काड्यांनी तारांवर वाजवायचं. चाळिशीच्या उंबरठ्यावर संगीतशिक्षणाची पदवी घेऊन तो न्यू मेक्सिकोत नवाहो मुलांना गाणं शिकवायला गेला. १९ सप्टेंबर १९९७ ला इलिनॉयमध्ये जीप उलटली, तो गेला. काही दिवस आधीच, एका ओसाड चर्चमध्ये, साध्या कॅसेटवर त्याने नवी गाणी टेप केली होती.