पाच हजारांतली वायरिंग



१९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी हिंडलेल्या विनोबांच्या जन्मगावी मी जीपबद्दल बोलणार, म्हणजे धाडसच! पण कामाचं काहीतरी सांग, असा तुमचा आग्रह.

गाडी महिंद्राची एमएम ५४०. टायर मोठे, शेताच्या चिखलातून सहज निघते. वायरिंग मात्र सगळी जोडांची, मधूनच धूर. घरची अट होती, पाच हजारांत बसव, नाहीतर भंगारात दे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, तेवढं काम वाचलं.

स्विच, मीटर जुनेच ठेवले, रिले भंगारातून आणले. वायर आणि फ्यूज मात्र नवे. तिथे काटकसर करू नये. सरांनी शिकवलेलं वॅट भागिले व्होल्ट इथे कामी आलं. ६० वॅटचे दोन दिवे, बॅटरी १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. एवढा प्रवाह जुन्या स्विचमधून नेला तर तो तापतो. म्हणून स्विचने फक्त रिले चालवायचा; दिव्यांची वीज १५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट न्यायची. फ्यूज बॅटरीला खेटूनच हवा. पत्र्याला घासून वायर सोलली, तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कुणी वाली नसतो.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती अर्थची. आपल्या पावसात चासीवरचे बोल्ट गंजतात, दिवे मिणमिणतात आणि लोक बॅटरी बदलतात! रंग खरवडला, लग घट्ट आवळले, वर ग्रीस लावलं. झालं.

खर्च चार हजार सातशे. उरलेल्या तीनशेत हॉर्न मिळतो का, ते पेणला विचारतोय.