दियागिलेव्ह आणि मागे बसलेली दाई

लिओन बाक्स्ट या रशियन चित्रकाराने १९०६ साली पूर्ण केलेलं एक व्यक्तिचित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. पुढे सेर्गेई दियागिलेव्ह उभा आहे: खिशात हात, मान आपल्याकडे वळवलेली, काळ्याभोर केसांत पांढरी बट. मागे, खोलीच्या अंधुक भागात, एक म्हातारी बसली आहे. ती त्याची दाई. बॅलेचा थोर आश्रयदाता पाहायचा म्हणून आपण या चित्रापुढे उभे राहतो आणि नजर त्या रुबाबदार चेहऱ्यावरच अडकते. माझं म्हणणं असं, की या चित्राचा अर्थ म्हातारीपासून लावायला हवा.

बाक्स्टपुढची अडचण लक्षात घ्या. दियागिलेव्ह नर्तक नव्हता, चित्रकारही नव्हता. संगीतकार होण्याची उमेद नामवंत रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकॉव्हच्या परखड मतानंतर मावळली होती. घराण्याचं दिवाळं तर त्याच्या तरुणपणीच निघालेलं. पैसा दुसऱ्यांचा, कलाही दुसऱ्यांची. त्याचं काम माणसं हेरायची, एकत्र आणायची आणि त्यांच्याकडून अशक्य वाटेल ते करवून घ्यायचं. राजाच्या चित्रात मुकुट असतो, शिल्पकाराच्या हाती छिन्नी. ज्याचं सगळं कर्तृत्व इतरांच्या हातून घडतं, त्याच्या हाती काय द्यायचं? बाक्स्टने तो हात खिशात ठेवला आणि चौकटीत दुसरं माणूस आणलं. जन्मानंतर लगेच आई गेलेल्या दियागिलेव्हला याच दाईने वाढवलं. पुढे ‘मीर इस्कुस्त्वा’ या त्याच्या कलाविषयक मासिकाची तरुण मंडळी त्याच्या घरी जमू लागली, तेव्हा समोवारापाशी बसून त्यांना चहा देणारीही तीच.

यावर कुणी म्हणेल, उमराव घराण्यातल्या माणसामागे जुनी सेविका दाखवणं हा केवळ खानदानी थाट. तशी चित्रं युरोपात पुष्कळ आहेत, आणि दियागिलेव्हला ती परंपरा पुरती ठाऊक होती. १९०५ साली ताव्रिचेस्की राजवाड्यात त्यानेच रशियाभरातून हजारो जुनी व्यक्तिचित्रं मिळवून मांडली होती. पण त्या परंपरेतला सेवक सहसा उभा असतो, काही आणतो, काही धरतो. इथे मालक उभा आहे आणि दाई बसलेली आहे, हात स्वस्थ ठेवून. ती त्याच्या दिमतीला नाही. ते घर तिचंही आहे. हे दिसलं की पुढच्या माणसाचा ताठाही वेगळा वाटू लागतो. त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे, म्हणून तो इतका निर्धास्त उभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दियागिलेव्हच्या बॅले मंडळीचा पॅरिसमधला पहिला हंगाम १९०९ चा. मग १९०६ च्या चित्रात बॅलेचा आश्रयदाता शोधणं म्हणजे पुढची कीर्ती मागे लादणं नाही का? बॅले या चित्रात नाही, हे खरंच. पण ती ज्या घरातून निघाली ते घर आहे. ‘शेहेराझाद’ या बॅलेसाठी १९१० साली पॅरिसला थक्क करणारे पोशाख आणि नेपथ्य रेखाटणारा बाक्स्ट स्वतः त्याच चहाच्या बैठकीतला होता.